सांधेदुखीची पारख

सांधे दुखू लागले की सामान्य मनुष्य त्या दुखण्यास ‘वात’ हे एकच नाव देऊन मोकळा होतो. वैद्यकशास्त्रास इतके सोपे समाधान परवडत नाही. या एका नावाखाली शंभराहून अधिक विकार दडलेले आहेत, आणि त्यांपैकी एकावर गुणकारी ठरणारे औषध दुसऱ्यावर निरुपयोगी, प्रसंगी घातकही होते. क्षयाच्या जंतूंनी सुजलेल्या गुडघ्यास आमवात समजून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली, तर क्षयाला मोकळे रानच मिळते.

ही निवड किती जिकिरीची असते, याची कल्पना दिल्लीजवळच्या ग्रामीण भागात झालेल्या एका पाहणीवरून येते. डॉ. ए. एन. मालवीय व त्यांचे सहकारी यांनी ती १९९३ साली प्रसिद्ध केली. दोन प्रशिक्षित आरोग्यसेवक प्रश्नावली घेऊन घरोघर हिंडले. ४४,५५१ प्रौढांपैकी ८९.५ टक्क्यांनी प्रतिसाद दिला आणि ३,३९३ जणांना आमवात असण्याचा संशय नोंदला गेला. डॉक्टरांनी त्यांना तपासले तेव्हा २९९ जणच कसोटीस उतरले. म्हणजे दर अकरा-बारा संशयितांमागे खरा रोगी एक! यात सेवकांना दोष देण्याचे कारण नाही. पहिले जाळे बारीक विणीचेच असावे लागते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली केलेल्या पाहणीतही, दुखण्याची तक्रार सांगणारे पुष्कळ आणि आमवाताचे रोगी हजारी सुमारे पाच, असेच चित्र दिसले.

मग उरलेल्यांना काय असते? बहुतेकांची, विशेषतः उतारवयात, कूर्चा झिजलेली असते. हे दुखणे चालण्याने वाढते व विश्रांतीने शमते. आमवाताची रीत याच्या उलट. रोगी सकाळी उठतो तेव्हा बोटे आखडलेली असतात. तासभर गेल्यावाचून पदराची गाठही सुटत नाही. दोन्ही हातांचे तेच लहान सांधे एकाच वेळी सुजतात. शरीराचे रक्षण करणारी प्रतिरक्षा संस्था येथे आपल्याच सांध्याच्या अस्तरावर उलटते. ते अस्तर फुगते आणि शेजारचे हाड कुरतडते. रोगी बहुधा स्त्री असते, आणि घरकामाचा शीण म्हणून ती तो अंगावर काढते. वातरक्ताची तऱ्हा आणखी निराळी: पायाच्या अंगठ्याचा सांधा रातोरात लालबुंद होतो, आणि त्यातील द्रवात यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक आढळतात. विशीतिशीतील तरुणाची कंबर पहाटे दुखत असेल व हालचालीने मोकळी होत असेल, तर पाठीच्या कण्याच्या दाहाचा विचार करावा लागतो.

रक्ततपासणीवर लोकांचा भरवसा फार. रूमॅटॉइड फॅक्टर आमवाताच्या काही रोग्यांत आढळतच नाही आणि काही निरोगी वृद्धांत मात्र सापडतो. सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी नवी चाचणी अधिक नेमकी आहे; तरीही बोटे दाबून सूज पाहणाऱ्या हाताची जागा ती घेऊ शकत नाही. दिल्लीत २०१६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. या तापानंतर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने हुबेहूब आमवातासारखे सुजलेले राहतात. अशा वेळी ताप केव्हा आला होता, हा साधा प्रश्न महागड्या तपासणीहून उपयोगी पडतो.

दिल्लीच्या पाहणीत वापरलेली १९८७ ची कसोटी सात लक्षणांची होती. त्यांपैकी चार जुळावी लागत, आणि सांध्यांची लक्षणे सहा आठवडे टिकलेली असावी लागत. तिच्यात क्ष-किरणचित्रात दिसणारी हाडांची झीजही मोजली जाई. परंतु ती झीज दिसेपर्यंत पुष्कळ काळ वाया गेलेला असतो. म्हणून २०१० च्या सुधारित निकषांत आरंभीचा रोग ओळखण्यावर भर देण्यात आला. निदान वेळीच झाले, तर मेथोट्रेक्झेटसारख्या औषधांनी बोटे वाकडी होण्याचे बहुधा टाळता येते. मात्र हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. रोजची गोळी समजून ते घेतल्याने प्राणावर बेतू शकते. यास्तव चिठ्ठीवर वाराचे नाव लिहून देणे इष्ट, आणि अधूनमधून रक्त व यकृत यांची तपासणीही आवश्यक असते.