हजेरीपटाआधीचा प्रश्न

मुली संगणकशास्त्राकडे कमी का वळतात, हे आपण नेहमी मुलींना विचारतो. आज ते वर्गाला विचारू.

कॅलिफोर्नियात क्लेरमाँट इथे हार्वे मड हे विज्ञान-अभियांत्रिकीचं छोटं कॉलेज आहे. पहिल्या सत्रात प्रोग्रॅमिंग तिथे सगळ्यांनाच सक्तीचं. म्हणजे मुली वर्गात बसत होत्याच. पण मुख्य विषय निवडायची वेळ आली की पाय मागे घेत. 2005च्या सुमारास संगणकशास्त्र घेणाऱ्यांत त्या शेकडा 10च्या आसपास होत्या.

प्राध्यापकांनी वर्गाकडे नीट पाहिलं. शाळेपासून कोडिंग केलेली दोन-चार पोरं शिक्षकांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणार, वर चार अगम्य संज्ञा फेकणार. बाकीच्यांची समजूत अशी, की हे सगळ्यांना येतं, माझंच डोकं चालत नाही. ही पोरं आपल्याही लॅबमध्ये असतात, आणि खरं सांगायचं तर आपण त्यांना हुशार म्हणून पुढे बसवतो.

हार्वे मडच्या प्राध्यापकांनी दोन वर्ग केले, आधी कोड लिहिलेल्यांचा वेगळा, न लिहिलेल्यांचा वेगळा. नावं 'प्राथमिक' आणि 'प्रगत' ठेवली नाहीत. कॉलेजचे रंग काळा आणि सोनेरी, तीच वर्गांची नावं. 'ड' तुकडीत शिकलेल्यांना यातली गोम सांगायला नको! जावा जाऊन पायथॉन आली. फार बोलणाऱ्याला चारचौघांत न झापता शिक्षक बाजूला घेऊन सांगू लागले, तुझ्याशी बोलायला आवडतं, ते आपण तासानंतर बोलू.

मला सर्वांत आवडतो तो त्यांचा सुरुवातीचा गृहपाठ, पिकोबॉट. पडद्यावर चौकटींची खोली आणि त्यात एक इवलासा यंत्रमानव. त्याला कळतं ते एवढंच, की वर, खाली, डावीकडे, उजवीकडे लगतच्या घरात भिंत आहे की नाही. नियम लिहायचे ते असे: अमुक अवस्थेत असताना उत्तरेला भिंत नसेल तर उत्तरेला सरक, असेल तर अवस्था बदल. कुठूनही सुरुवात केली तरी खोलीतलं प्रत्येक घर त्यानं पालथं घातलं पाहिजे. मग रिकामी खोली जाऊन चक्रव्यूह येतो. नियमांची ही भाषा घरून कुणीच शिकून आलेलं नसतं. जावा कोळून प्यायलेलाही इथे कागद-पेन्सिल घेऊन बसतो.

मारिया क्लावे 2006 साली कॉलेजच्या अध्यक्ष झाल्या. त्यांनी या बदलांना बळ दिलं. पहिल्या वर्षाच्या मुलींना संगणक क्षेत्रातल्या स्त्रियांच्या ग्रेस हॉपर परिषदेला नेण्याचा उपक्रमही चालला. पाचेक वर्षांत संगणकशास्त्र घेणाऱ्यांत मुलींचं प्रमाण शेकडा 40च्या घरात गेलं.

पातळी उतरवली का? नाही. दोन्ही वर्गांतून पुढच्या अभ्यासक्रमाला जाता येतं.

छोट्या, सधन कॉलेजची ही गोष्ट आपल्या खच्चून भरलेल्या वर्गांना जशीच्या तशी लागू होणार नाही, हे मान्य. पण पहिल्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस हजेरीपटाच्या क्रमानं पाडण्याआधी 'याआधी कधी कोड लिहिलाय का?' एवढं विचारायला कुठल्या विद्यापीठाचं परिपत्रक लागत नाही.