खिशातला साप
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक अहवाल वाचून झाला, जमाखर्चास मंजुरी मिळाली, गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे देऊन झाली, आणि भोजनास अद्याप थोडा अवकाश आहे. अशा वेळी व्याख्यात्याकडून गहन तत्त्वचिंतनाची अपेक्षा कोणी करीत नाही. स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाशी ज्याला स्पर्धा करावयाची आहे त्याने विषय हलकाच घ्यावा, हे कार्यवाहांचे म्हणणे मला मान्य आहे. म्हणून आज मी आपल्यापुढे अशा एका प्राण्याचे चरित्र मांडणार आहे, की जो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी येथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या खिशात राहत असे, जो केवळ ठिपके खाऊन वाढे, आणि जो कोणास कधी चावला नाही. चावलाच तर स्वतःच्या शेपटीस. हा प्राणी म्हणजे मोबाईलवरील साप. निमंत्रणपत्रिकेत आपण 'भ्रमणध्वनी' असे छापतो आणि तोंडाने 'मोबाईल' म्हणतो. मीही आज तोंडाचीच भाषा वापरणार आहे.

आपल्या स्मरणिकेचा आणि वंशावळीचा ऋणानुबंध जुना आहे. मूळपुरुष कोण, शाखा कोठे फुटली, हे सांगितल्याखेरीज आपल्याकडे कोणाचाही परिचय पुरा होत नाही. तेव्हा सापाचेही कूळ सांगितले पाहिजे. त्याचा मूळपुरुष १९७६ साली अमेरिकेत जन्मला. 'ब्लॉकेड' नावाचा तो खेळ नाणे टाकून खेळावयाच्या कपाटाएवढ्या यंत्रावर चाले. खेळाडूच्या मागे एक भिंत वाढत जाई आणि तिच्यावर आपटला की तो बाद होई. १९९४ साली हॅगेनुक या कंपनीच्या मोबाईलवर 'टेट्रिस' हा ठोकळे रचण्याचा खेळ आला. त्याच साली अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीचा 'सायमन' बाजारात आला. त्याच्या पडद्यास बोट लावून दिनदर्शिका पाहता येई, हिशेब करता येई, आणि सरकत्या चौकोनांचे एक कोडेही सोडविता येई. परंतु ही मंडळी अल्पायुषी ठरली. वंश खरा वाढविला तो फिनलंडच्या नोकिया कंपनीने. १९९७ साली तिच्या ६११० या यंत्रात तानेली आर्मांतो या अभियंत्याने साप सोडला, आणि पुढे तो जगभर सरपटत गेला.

आता हा साप आपल्या देशात कोणत्या परिस्थितीत आला तेही पाहू. भारतातील पहिले मोबाईल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ऐकले. त्या काळी मिनिटास १६ रुपयांच्या आसपास आकार पडे, आणि आलेला फोन घेतला तरी पैसे मोजावे लागत. म्हणजे दुसऱ्याने आपली कुशल विचारली तरी दंड आपल्यालाच! बोलण्यासाठी घेतलेल्या वस्तूवर बोलणे परवडत नाही, अशा विचित्र अवस्थेत गृहस्थाने करावे काय? तो साप खेळे. यंत्रातील तेवढीच एक करमणूक फुकट होती.

याच काटकसरीतून आपल्या लोकांनी एक शोध लावला, ज्याचे श्रेय कोणत्याही कंपनीस देता येणार नाही. तो म्हणजे 'मिस्ड कॉल'. एकदा वाजवून बंद केला तर 'पोचलो', दोनदा वाजविला तर 'खाली ये', आणि पुन्हा पुन्हा वाजला तर 'तुझ्याकडे पैसे असतील, तू कर'. एक पैसाही न देता तीन वाक्ये! २००३ साली आलेल्या फोनचा आकार बंद झाला, तरी ही भाषा पुढे कित्येक वर्षे घराघरांत बोलली गेली.

सापाच्या राज्याचा विस्तार किती? पडद्यावर आडवे ८४ आणि उभे ४८ ठिपके; एकूण ४०३२. रंग एकच. दोन, चार, सहा आणि आठ या आकड्यांच्या कळांनी त्याला दिशा द्यावयाची. खाणे दिसले की खावयाचे, खाल्ले की लांबी वाढावयाची, आणि लांबी वाढली की स्वतःचेच शेपूट आडवे यावयाचे. पुराणिकबुवांनी लोभाच्या परिणामावर चातुर्मासभर सांगावे, ते या चिमुकल्या सापाने दोन मिनिटांत सप्रयोग दाखविले. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्ये त्याचा दुसरा अवतार होता. त्याच्या सोबतीस आकाशयुद्धाचा 'स्पेस इम्पॅक्ट', जोड्या जुळविण्याचा एक खेळ, आणि खळग्यांत बिया वाटीत जाण्याचा 'बांतुमी' होता. हा शेवटचा खेळ आफ्रिकेतील पुरातन बैठ्या खेळांच्या कुळातला. त्याचेच भाऊबंद तमिळनाडूत 'पल्लांगुळी' आणि कर्नाटकात 'अळीगुळी मणे' या नावांनी नांदत आले आहेत. आजीने फळीवर चिंचोके मांडावेत आणि नातवाने तोच डाव फिनलंडच्या यंत्रावर खेळावा, असा हा योग.

खेळांप्रमाणेच त्या यंत्रातील इतर हत्यारेही मोजकी आणि मनमिळाऊ होती. यंत्र बंद करून ठेवले तरी पहाटेचा गजर इमानाने होई. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० ला डोक्यावर विजेरी होती. त्या यंत्राचे २५ कोटींहून अधिक नग जगभर खपले. आणि वीज गेल्यावर जिन्यात कोणाचा पाय मुरगळू नये, एवढे साधे पुण्य त्याने किती ठिकाणी मिळविले असेल याची गणती नाही. संदेश आला की यंत्र तीन ऱ्हस्व, दोन दीर्घ आणि पुन्हा तीन ऱ्हस्व असे वाजे. तारखात्यात नोकरी केलेल्या वडीलधाऱ्यांना त्यातली खूण तत्काळ पटली असेल, कारण ती मोर्सच्या लिपीतील 'एस्. एम्. एस्.' ही अक्षरे होती. तारसेवा आपल्याकडे २०१३ साली बंद झाली; परंतु तिची कडकट्ट अशी अनेक वर्षे आपल्या खिशात वाजत होती.

संदेशाची गोष्ट निघाली म्हणून एक तक्रार नोंदवून ठेवतो. इंग्रजीत एका संदेशास १६० अक्षरे मिळत, देवनागरीस मात्र अवघी ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण या प्रत्येकास स्वतंत्र जागा! आपल्या 'स्नेहसंमेलन' या एका शब्दासच ११ जागा लागतात. या हिशेबाने आपल्या मंडळाची निमंत्रणपत्रिका संदेशाने पाठवावयाची म्हटली, तर अध्यक्षांच्या नावामागील उपाध्या संपण्यापूर्वीच संदेश संपावा. शिवाय पुष्कळ यंत्रांना देवनागरी येतच नसे. म्हणून लोकांनी रोमन अक्षरांत मराठी लिहिण्यास आरंभ केला, आणि 'पाटी' व 'पती' हे दोन्ही शब्द एकाच चार अक्षरांत येऊन बसले. दुकानातून काय आणावयाचे आहे, याचा उलगडा संदर्भावरून करावा लागे.

पुढे काळ पालटला. १० जुलै २००८ रोजी ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी 'ॲप'चे दुकान उघडले. पहिल्या दिवशी तेथे सुमारे ५०० वस्तू मांडलेल्या होत्या. नव्या जत्रेत प्रथम शिट्ट्या आणि फुगेच जास्त खपतात, तसेच येथेही झाले. एका ॲपमध्ये पडद्यावर बिअरचा पेला दिसे. यंत्र तोंडाशी नेऊन कलते केले की पेला रिकामा होई. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांनाही आक्षेप घेता येऊ नये असे हे मद्यपान! परंतु कळस केला तो ऑगस्ट २००८ मधील 'आय ॲम रिच' या ॲपने. त्याची किंमत ९९९.९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४२ हजार रुपये. आणि त्याचे कार्य एवढेच, की पडद्यावर एक लाल मणी चमके. 'मी श्रीमंत आहे' हे चारचौघांना कळावे, याहून अधिक उपयोग त्यास नव्हता. दुसऱ्याच दिवशी कंपनीने ते दुकानातून काढून टाकले. तोवर आठ जणांनी ते घेतले होते. आमच्या विद्यार्थी साहाय्यक निधीचे चिटणीस त्या वेळी त्या आठांच्या शेजारी असते, तर त्याच रकमेत आठ नावे संगमरवरावर कोरून निघाली असती आणि आठ मुलांच्या फियाही भरल्या गेल्या असत्या.

येथवर आपण हसलो. आता दोन शब्द गांभीर्याने बोलण्याची परवानगी असावी.

'आमच्या वेळचे खेळ सात्त्विक होते, हल्लीचे वाईट', असे मी म्हणणार नाही. जुने खेळ लहान होते, ते कोणी संयमाचे व्रत घेतले होते म्हणून नव्हे; पडदा इवलासा होता, स्मृती तोकडी होती, म्हणून. सापानेही अनेकांची दुपार गिळली आहे. परंतु त्या खेळात आणि आजच्या पुष्कळ खेळांत एक भेद असा आहे, की जो पडद्यावर दिसत नाही. तो जमाखर्चात दिसतो. साप यंत्राबरोबर येई. यंत्र एकदा विकले गेले की नोकियाचा व्यवहार पुरा होई. तुम्ही दहा मिनिटे खेळलात काय किंवा दहा तास खेळलात काय, कंपनीस त्यातून छदाम अधिक मिळत नसे. तुमच्या उठून जाण्याने ज्याचे काही नुकसान होत नाही, तो तुम्हाला धरून ठेवण्याची खटपट कशाला करील? साप मरे, गुण दिसत, आणि यंत्र धाकट्या भावाच्या हाती जाई. कारण बहुतेक घरांत यंत्र एकच होते, आणि पुढचा मनुष्य शेजारी वाट पाहत बसलेला असे.

हल्लीचे बहुतेक खेळ घेताना फुकट असतात. मग त्यांचा प्रपंच कशावर चालतो? जाहिरातींवर, आणि खेळता खेळता केलेल्या किरकोळ खरेदीवर. म्हणजे तुम्ही जितका वेळ बसाल तितकी त्यांची मिळकत अधिक. २०१२ साली आलेल्या 'कँडी क्रश'चे उदाहरण घ्या. त्यात पाच 'जीव' मिळतात. ते संपले की अर्ध्या तासाने एक परत येतो. धीर नसेल तर विकत घ्यावयाचा, नाहीतर स्नेह्यांकडे मागावयाचा. सापाला जीव एकच होता, तो फुकट होता, आणि तो गेल्यावर शोक करण्याचे कारण नव्हते. येथे जीव उधार-उसनवार मिळतो, म्हणून खेळ संपतच नाही. ज्या खेळात पैसे लावले जातात, त्यांच्याविरुद्ध ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला आहे. परंतु कायदा पैशाचा जुगार पाहतो. वेळ पणाला लावून खेळला जाणारा जुगार घरच्यांनाच पाहावा लागेल.

म्हणून ज्ञातीतील मातापित्यांस माझी एकच सूचना आहे. मुलाच्या हातून यंत्र हिसकावून घेऊन 'टाक तो मोबाईल' असे ओरडण्यापूर्वी, त्याच्या शेजारी बसून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, 'हा खेळ संपतो केव्हा?' आणि दुसरा, 'तू उठलास तर नुकसान कोणाचे होते?' मुले आपल्याहून हुशार आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना ती आपण होऊन पुष्कळ काही शिकतील. मात्र हेच दोन प्रश्न वडीलधाऱ्यांनी स्वतःसही विचारावेत. रोज पहाटे ज्ञातीच्या समूहावर फुलांची तीसतीस चित्रे आणि 'सुप्रभात' धाडणाऱ्यांचा खेळ तरी कोठे संपतो? पाने वाढली असता नातू पडद्यात आणि आजोबाही पडद्यात, मग हाक मारणाऱ्या माउलीने पाहावे कोणाकडे?

खेळ चांगला की वाईट, याची कसोटी सोपी आहे. 'पाने घेतली' अशी हाक आल्यावर जो तुम्हाला उठू देतो, तो चांगला. मग तो सारीपाट असो, पत्ते असोत, नाहीतर ठिपक्यांचा साप असो. नोकिया ३३१० हे नाव २०१७ साली नव्या यंत्रास देऊन पुन्हा बाजारात आणले गेले, तेव्हा त्यात सापही परत आला. लोकांना त्याची आठवण राहिली ती त्याच्या चित्रांमुळे नसावी. तो चटकन संपत असे आणि आपली माणसे आपल्याला परत देत असे, म्हणून ती राहिली असावी, असे मला वाटते.

सज्जनहो, सापाचा नियम व्याख्यात्यासही लागू आहे. श्रोत्यांची कृपा खाऊन खाऊन त्याची लांबी वाढते, आणि भान राहिले नाही तर तो स्वतःच्याच बोलण्यावर आपटतो. अध्यक्षमहाशयांचा हात घंटेकडे गेलेला मला दिसत आहे, आणि पानेही मांडली गेल्याचे आतून कळते. म्हणून माझे भाषण पुरे करतो.