माथिन्ना : ‘भल्यासाठी’ उचलून नेलेली मुलगी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



विषय जाहीर झाल्यावर दोघी-तिघींनी विचारलं, नाचाचा आणि आपल्या कामाचा काय संबंध? तोही ऑस्ट्रेलियातला नाच! प्रश्न रास्त आहे. मी नृत्याची जाणकार नाही, आणि हे नृत्यही चित्रफितीवरच पाहिलंय. पण मुलींना घराबाहेर काढून संस्थेत ठेवण्याचे कागद माझ्या हाताखालून रोज जातात. म्हणून हा विषय घेतला.

‘बंगारा’ ही सिडनीची नृत्यसंस्था १९८९ साली सुरू झाली. ती उभी करण्यात कॅरोल जॉन्सन या अमेरिकन कृष्णवर्णीय नर्तकीचा मोठा वाटा होता. ऑस्ट्रेलियातले आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे लोक ही संस्था चालवतात. गुडघे वाकवून, जमिनीला धरून होणाऱ्या त्यांच्या परंपरागत हालचाली आणि आधुनिक नृत्य यांच्या मेळातून त्यांची शैली घडली. २००८ साली स्टीफन पेज यांनी ‘माथिन्ना’ हे नृत्य बसवलं.

माथिन्ना ही खरी मुलगी. आज ज्याला टास्मानिया म्हणतात त्या बेटावरच्या आदिवासींची. १८२० नंतरच्या दशकात इंग्रज वसाहतवाल्यांनी तिथल्या लोकांच्या जमिनी घेतल्या, माणसं मारली. लोकही लढले. तारेनोरेरर नावाची एक बाई सील मारणाऱ्या गोऱ्यांच्या ताब्यात असताना बंदूक चालवायला शिकली, तिथून निसटली आणि पुढे तिने गोऱ्यांवर हल्ले करणाऱ्या टोळीचं नेतृत्व केलं. १८३० मध्ये ती पकडली गेली, पुढच्या वर्षी मेली. उरलेल्या लोकांना फ्लिंडर्स बेटावर वायबालेना इथे नेऊन ठेवलं. सांगताना ‘सुरक्षित जागा’ म्हणून सांगितलं. तिथे लोक आजाराने भराभर मेले. माथिन्नाचा जन्म तिथलाच, १८३५ सालचा.

गव्हर्नर जॉन फ्रँकलिन आणि त्यांची पत्नी लेडी जेन यांनी तिला होबार्टच्या सरकारी बंगल्यात आणलं. त्यांच्या मुलीबरोबर ती राहू लागली. १८४२ मध्ये टॉमस बॉक या चित्रकाराने तिचं चित्र काढलं. सात वर्षांची मुलगी, अंगात लाल झगा, पाय अनवाणी. पुढे हे चित्र ज्या लंबगोल चौकटीत बसवलं होतं, ती चौकट नेमकी घोट्यापाशी संपायची. पाय झाकलेले! तिने लिहिलेलं छोटंसं पत्रही उपलब्ध आहे. त्यात बाहुली आहे, परकर आहे, आणि दुखरे पाय व बूट-मोजेही आहेत.

१८४३ साली फ्रँकलिन कुटुंब इंग्लंडला परतलं. माथिन्नाला अनाथालयात टाकून गेलं. पुढे कधी वायबालेना, कधी पुन्हा अनाथालय, शेवटी ऑयस्टर कोव्हची वस्ती. १८५२ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षाच्या आसपास, ती पाण्यात बुडून मेली.

यात मारहाण करणारा कुणी दुष्ट माणूस दाखवता येत नाही. लेडी जेन स्वतःला दयाळूच समजत असणार. मला हे महत्त्वाचं वाटतं. कागदपत्रं वाचली तर दया दिसते, खर्च दिसतो, शिकवण्या दिसतात. मुलीला काय वाटलं हे जवळजवळ कुठेच नाही. नृत्यात मात्र शब्दच नसल्याने त्या कागदांचा अधिकार संपतो. लाल झगा चढवलेलं शरीर कसं ताठतं, ताल कसा हरवतो, हे आपल्याला थेट दिसतं. केस-पेपरमध्ये ‘मुलगी संस्थेत रुळली’ असं एक वाक्य असतं ना, त्याच्यामागे काय असू शकतं ते समोर येतं.

माझा एक आक्षेपही आहे. एकट्या दुर्दैवी मुलीची गोष्ट पाहून प्रेक्षक हळहळतात आणि घरी जातात. वायबालेनात लढाही होता. १८४६ मध्ये तिथल्या आठ पुरुषांनी आपल्यावरच्या अधिकाऱ्याविरुद्ध थेट राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज केला. मेरी ॲन आर्थर या बाईने तक्रारीचं पत्र स्वतः लिहिलं. पुढच्याच वर्षी ती वसाहत बंद झाली, उरलेल्या ४७ जणांना ऑयस्टर कोव्हला हलवलं. या बाईवर कुणी नृत्य बसवेल तर मला जास्त आवडेल. ‘टास्मानियाचे आदिवासी संपले’ असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं, तेही खोटं आहे. त्यांचे वंशज आहेत आणि आपले हक्क मागत आहेत.

मुलं उचलण्याचं काम माथिन्नापाशी थांबलं नाही. विसाव्या शतकात साधारण १९७० पर्यंत ऑस्ट्रेलियात हजारो आदिवासी मुलं सरकार आणि मिशनांनी आईबापांपासून तोडली. १९९७ मध्ये त्यावर मोठा चौकशी अहवाल आला. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. ‘माथिन्ना’ रंगमंचावर आलं तेही त्याच वर्षी. आजही तिथे घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये आदिवासी मुलांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त आहे.

आणि आपल्याकडे? राज्यकर्ते तेच होते. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारशाळेत ठेवायचा अधिकार सरकारला होता. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट याच कायद्याखालची. कायदा १९५२ मध्ये गेला. पण पारध्याच्या पालावर जाऊन ‘ही बाई मूल सांभाळू शकत नाही’ असं लिहिताना आपण कोणती भाषा वापरतो, ते आपापल्या फाइली काढून बघायला हवं. मूल कधीच हलवायचं नाही असं मी म्हणत नाही. कधीकधी हलवावंच लागतं. तेव्हा आईचं म्हणणं तिच्याच शब्दांत कागदावर येतं का, मूल परत कधी भेटणार याची तारीख लिहिली जाते का, एवढंच विचारते.

आता चित्रफितीचा तुकडा पाहू. पंधरा मिनिटांचा आहे. नंतर गटांत बसताना प्रत्येकीने आपली एक केस बरोबर ठेवावी. नावं मात्र झाकून.