कामगाराच्या हातातला क्रमांक



वसंतातल्या संध्याकाळी सरकारी क्रमांकासारखा रुक्ष विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. परंतु ज्या क्रमांकाविषयी आम्ही बोलणार आहोत, त्यावर कुणाचे म्हातारपण, कुणाचे आजारपण आणि कुणाच्या विधवेची चूल अवलंबून असते. तेव्हा थोडा वेळ ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

सुशिक्षित मंडळींचा या बाबतीत एक आक्षेप असतो. ते म्हणतात, माणसाला नाव आहे, त्याला नंबर लावणे म्हणजे त्याला कैदी बनवणे होय. आक्षेप खोटा नाही. पण कैद्याच्या नंबराचा उपयोग कुणाला होतो? तुरुंगाधिकाऱ्याला. कैदी त्या नंबराच्या जोरावर कुणाला जाब विचारू शकत नाही. म्हणून कोणताही क्रमांक पुढे आला, की आम्ही एकच प्रश्न विचारतो: या क्रमांकाने कोण कुणाला जाब विचारणार? कामगार मालकाला आणि सरकारला विचारणार असेल, तर तो क्रमांक आमचा. उलट असेल, तर सावध राहावे.

क्रमांक नव्हता तेव्हा काय होते, ते पाहा. मुंबईच्या कापडगिरणीत बदली कामगार रोज सकाळी दारात उभा राहत असे. कुणाला आत घ्यायचे, हे जॉबरच्या मर्जीवर. गावचा असेल, नात्याचा असेल किंवा दस्तुरी देणारा असेल, तर त्याला काम; बाकीचे परत. १९३५ साली गिरण्यांत बदली कामगारांची नोंद ठेवून त्यांना कार्ड देण्याची पद्धत सुरू झाली. जॉबरची सत्ता त्याने एका दिवसात संपली नाही. परंतु ज्याच्या हाती कार्ड होते, त्याला ‘मला काम का नाही?’ असे विचारण्याला आधार मिळाला. मर्जीच्या जागी नोंद आली, हे लहान काम नव्हे.

पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जमिनींवर मनोरे उभे राहिले. त्या जमिनींच्या बदल्यात कामगारांना घरे देण्याची योजना आली. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असलेला कामगार त्यासाठी पात्र ठरला. पण हजेरीपटावर होतो, हे सिद्ध कसे करायचे? गिरणी पाडलेली, हजेरी घेणारा कारकून कुठे गेला ठाऊक नाही, शेजारच्या साच्यावरचा सोबती गावी जाऊन वारलेला. अशा वेळी तिकीट क्रमांक, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, राज्य विम्याचा क्रमांक असले कागद पुरावा म्हणून मागितले गेले. ज्याच्या बायकोने तो पिवळा पडलेला कागद पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवला होता, त्याचा साक्षीदार शिल्लक राहिला. ज्याचा कागद चाळीच्या गळक्या छपराखाली भिजून गेला, तो वीस वर्षे साच्यावर उभा राहूनही परका ठरण्याची वेळ आली.

आता आजच्या क्रमांकाकडे येऊ. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा. कामगाराच्या वेतनातून साधारणपणे शेकडा १२ कापले जातात आणि तितकेच मालकाने घालायचे असतात. वेतन १५,००० रुपये धरले, तर कामगाराचे १,८०० आणि मालकाचे १,८००. मालकाच्या हिश्श्यातले सुमारे १,२५० रुपये १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात, उरलेले फंडात. पूर्वी नोकरी बदलली, की नवा खाते क्रमांक मिळे. जुने खाते नव्या खात्यात वळवायला फॉर्म भरा, जुन्या मालकाची सही आणा, कचेरीच्या फेऱ्या मारा. ज्याचे हातावर पोट, तो एका दिवसाचा खाडा करून किती वेळा जाणार? म्हणून खाती तशीच पडून राहिली आणि कष्टकऱ्यांच्या घामाचे हजारो कोटी रुपये धन्याविना पडले.

ऑक्टोबर २०१४ मध्ये बारा आकडी सार्वत्रिक खाते क्रमांक आला. कामगार त्याला ‘यूएएन’ म्हणतात. त्यातली खरी गोष्ट एवढीच, की पूर्वीचा क्रमांक नोकरीला चिकटलेला होता, हा माणसाला चिकटलेला आहे. मालक बदलेल, गाव बदलेल, क्रमांक बदलणार नाही. राज्य विम्याचा दहा आकडी क्रमांकही तसाच जन्मभराचा आहे.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती. १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाला एक मालक नसतो. सकाळी एकाच्या गाळ्यात पोती, दुपारी दुसऱ्याच्या वखारीत. मग त्याचा फंड कोण भरणार? कायद्याने तोड काढली. हमालाची नोंद मंडळाकडे झाली. मालकांनी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला मजुरी द्यायची आणि फंड, ग्रॅच्युइटी वगैरे सांभाळायचे. दहा मालक, पण नोंद एक. कामगाराचा हक्क मालकाच्या दारात न ठेवता कामगाराबरोबर चालवायचा, हा विचार या मातीत पंचेचाळीस वर्षे आधी रुजला होता, याचा आपण अभिमान बाळगावा.

याचे मोल किती, ते आमच्या पाहण्यातल्या एका प्रकरणावरून सांगतो. एका आस्थापनेत झाडलोट करणारा कामगार. आवार तेच, झाडू तोच. कंत्राटदार मात्र अकरा वर्षांत चार झाले. एकाकडे तीन वर्षे, दुसऱ्याकडे चार, मग अडीच, मग दीड. प्रत्येकाने नवा क्रमांक काढला. एकाच्या दप्तरात आडनाव होते, दुसऱ्याच्या दप्तरात बापाचे नावच आडनावाच्या जागी, तिसऱ्याने जन्मसाल चुकवलेले. आता पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. तुकडे सुटे ठेवले, तर एकही दहाला पोचत नाही. जोडले, तर अकरा भरतात. माणूस एक, घाम एक, पण कागदावर चार माणसे! त्या चार माणसांचा पुन्हा एक माणूस करायला युनियनला चौदा महिने लागले. पहिल्या दिवशी एकच क्रमांक पुढे चालवला असता, तर चौदा मिनिटेही लागली नसती.

शिवाय नोकरीत असता सदस्याचा मृत्यू झाला, तर विधवेला पेन्शन मिळण्यासाठी दहा वर्षांची अट नाही. फंडाशी जोडलेल्या विम्याची रक्कमही वारसाला मिळते. पण नवऱ्याचा क्रमांकच घरात कुणाला ठाऊक नसेल, तर ती बाई कोणत्या दाराशी उभी राहणार? म्हणून आम्ही सभासदांना सांगतो, क्रमांक घरच्या माणसांना सांगून ठेवा आणि वारसाचे नाव नोंदवा.

आणि ज्यांना क्रमांकच नाही, त्यांचे काय होते, ते या देशाने २०२० साली पाहिले. टाळेबंदीत लाखो मजूर पोरेबाळे घेऊन रस्त्याने चालत निघाले. त्यांपैकी घरी जाताना किती मेले, असा प्रश्न त्या वर्षी सप्टेंबरात लोकसभेत निघाला. अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे सरकारचे उत्तर आले. ज्यांची जिवंतपणी गणती नव्हती, त्यांची मेल्यावर कशी होणार? सर्वोच्च न्यायालयाने खडसावले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आज तिच्यात ३० कोटींहून अधिक नावे आहेत.

परंतु नुसत्या नोंदणीने पोट भरत नाही. कार्ड हाती आणि खात्यात भरणा नाही, म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पगारपत्रकावर कपात दिसते, पण पैसे फंडात पोचले का? मालकाने ते पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात. क्रमांक असेल, तर कामगार आपल्या मोबाइलवर हे पाहू शकतो. ज्याने पाहिले नाही, त्याच्या नंबराचा मालकाला धाक नाही.

दुसरा धोका असा, की क्रमांक माणसापेक्षा मोठा होऊन बसतो. विटा उचलून, सिमेंट कालवून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्याचा ठसा यंत्राला पटत नाही. मग समोर उभा असलेला माणूस खोटा आणि यंत्र खरे, असा न्याय होतो. कष्टाने झिजलेली बोटे हा कष्टाचाच पुरावा आहे. तो मान्य न करणारी व्यवस्था बदलून घेतली पाहिजे. कामगाराला दारातून परत पाठवणे हा उपाय नव्हे.

शेवटी आपल्याकडे एक मागणे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण गृहनिर्माण संस्थांत राहता. दारावर रखवालदार असतो, जिना झाडणारी बाई असते. एजन्सीचे बिल आपण दरमहा मंजूर करता आणि त्यात फंडाचे व विम्याचे रकाने असतात. ते पैसे आपण देता. ते त्या माणसापर्यंत पोचतात का? पुढच्या सभेत चिटणिसांना विचारा, आमच्या रखवालदाराचा क्रमांक कोणता आणि भरण्याचे चलन कुठे आहे? घरी काम करणाऱ्या बाईंना विचारा, त्यांची ई-श्रम नोंद झाली आहे का. नसेल, तर आपल्या मुलाला त्यांच्याबरोबर अर्धा तास बसवा. संघटना आपले काम करीतच आहेत, पण ज्या दाराआड एकच कामगार असतो, तिथे युनियनचा हात पोचत नाही. तिथे आपला पोचतो.