काकांचे स्मारक



माझे चुलते कै. काका यांच्याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजतो. काकांना घरापेक्षा सह्याद्री अधिक प्रिय. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर ते साठीनंतरही चढून गेले.

परंतु त्यांचा विशेष जीव कारवीवर. ही वनस्पती सुमारे सात वर्षांनी एकदाच फुलते. डोंगरउतार जांभळे होतात, मधमाश्या मध साठवितात. मग बी धरून झाड वाळून जाते. "फुललेली फांदी मोडाल, तर पुढच्या बहराचे बी मोडाल," असे काका आम्हा मुलांना बजावीत. कुडासाठी काठ्या आणीत, त्याही वाळलेल्याच.

त्यांच्या नावाची शिला गडावर बसवावी, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. तीमागील आदर मी जाणतो. तथापि माझा तिला नम्र विरोध आहे. काकांनी गडाच्या दगडावर कधी रेघही ओढली नाही. तोच पैसा ज्ञातीतील मुलांच्या गिरिभ्रमणासाठी राखून ठेवावा. कारवी फुलेल त्या वर्षी मुलांना डोंगरावर न्यावे, बहर डोळे भरून पाहू द्यावा, आणि रिकाम्या हातांनी घरी आणावे.