मेंदूत पडीक जमीन नसते

आज वाचा-श्रवण शास्त्राची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

 

स्ट्रोकनंतर वाचा गेलेला माणूस आपल्यासमोर येऊन बसतो, तेव्हा शेजारी घरचं कुणीतरी असतंच. पहिल्या काही भेटींतच ते विचारतात, "मॅडम, माणूस मेंदूचा दहाच टक्के वापर करतो ना? मग उरलेल्या नव्वद टक्क्यांतून बोलणं परत आणता येईल की!" शेतकऱ्यांनी मला हे विचारलं, बँकेतल्या साहेबांनी विचारलं, आणि सांगायला वाईट वाटतं, डॉक्टरांनीही विचारलं.

एसटीतले एक निवृत्त कंडक्टर माझ्याकडे यायचे. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती, उजवा हात लुळा पडला होता. तहान लागली तरी त्यांना "पाणी" म्हणता येत नव्हतं. पण एक-दोन म्हणून सुरुवात करून दिली की वीसपर्यंत आकडे न अडखळता यायचे. हरिपाठ यायचा. दारात कुणी घुटमळलं तर "पुढे सरका, पुढे सरका" हे शब्द पूर्वीच्या खणखणीत आवाजात यायचे. तुम्ही हे पुस्तकात वाचलं आहे: वर्षानुवर्षं घोटलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं आणि मनातलं वाक्य नव्याने जुळवण्याची शक्ती जाते. त्यांच्या मुलाने हे पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो एका व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला जाऊन आला होता. त्याने वडिलांच्या खाटेसमोर मोठ्या अक्षरात कागद लावला होता, "बाबा, ९० टक्के बाकी आहे." आणि घरात नियम केला होता, "पाणी" म्हटल्याशिवाय बाबांना पाणी द्यायचं नाही. मला म्हणाला, "हरिपाठ येतो, मग पाणी कसं येत नाही? ते मनावरच घेत नाहीत."

हा मुलगा दुष्ट नव्हता. बिनपगारी रजा टाकून तो वडिलांना तालुक्याहून घेऊन यायचा. एका खोट्या आकड्याने त्याला निष्ठुर केलं होतं. मी त्याला समजावलं, त्याने तो कागद स्वतःच्या हाताने काढला. पण तोवर त्या माणसाने जे सोसलं ते कशानेच भरून आलं नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाकडून आळशी ठरवलं जाणं!

त्यानंतर हा आकडा आला कुठून, याचा मी चिकाटीने शोध घेतला. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०७च्या एका लेखात म्हटलं होतं की माणूस आपल्या शारीरिक-मानसिक शक्तीचा थोडाच भाग वापरतो. त्यात दहा टक्के नव्हते आणि मेंदूतल्या रिकाम्या जागेचाही विषय नव्हता. पुढे १९३६ साली लोकांना आपलंसं करण्याबद्दलचं डेल कार्नेगींचं प्रसिद्ध पुस्तक आलं. त्याच्या प्रस्तावनेत लोवेल थॉमस या पत्रकाराने जेम्स यांच्या नावावर दहा टक्के घातले. विधान माणसाच्या क्षमतेबद्दलचं होतं, पसरताना ते मेंदूच्या मांसाबद्दलचं झालं. शास्त्रज्ञांचाही त्याला हातभार लागला. विजेचा हलका स्पर्श केल्यावर ज्या भागांतून हात हलत नाही, मुंग्या येत नाहीत, त्या भागांना त्यांनी 'मूक' म्हटलं. त्यांतलेच कपाळामागचे भाग बेत आखतात, तोलूनमापून निर्णय घेतात, हे आज आपल्याला माहीत आहे. आणि आता वर्तमानपत्रांत छापून येणारी ती रंगीत स्कॅनची चित्रं! एक ठिपका लाल आणि बाकी सगळं राखाडी. त्या लालीचा अर्थ एवढाच की त्या कामाच्या वेळी तिथली हालचाल आधीपेक्षा वाढली. राखाडी भाग झोपलेला नसतो.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. विसावलेल्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ वीस टक्के तो एकटा खातो, आणि झोपेतही त्याचं काम थांबत नाही. नव्वद टक्के रिकामा अवयव निसर्गाने इतक्या खर्चात पोसला असता का? रक्ताची गुठळी मेंदूत कुठे अडकेल हे कुणी ठरवत नाही. नव्वद टक्के जागा निकामी असती, तर बहुतेक स्ट्रोक कुणाला कळलेच नसते. तुमच्या वॉर्डात काय दिसतं? इथे अडकली तर शब्द गेले, तिथे अडकली तर तोल गेला, मागे अडकली तर अर्धी दृष्टी गेली. रुग्णाला काहीच जाणवलं नाही असे छोटे स्ट्रोकही असतात. पण बारकाईने तपासलं तर चालण्यात, विचारांच्या वेगात त्यांच्या खुणा पुष्कळदा सापडतात. मेंदूत पडीक जमीन नसते.

आपल्या विद्येच्या इतिहासातला पहिला मोठा रुग्ण आठवा. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी तपासलेला लबोर्न्य. वीसहून अधिक वर्षं त्याच्या तोंडून 'टॅन' एवढंच यायचं. राग अनावर झाला की एक शिवी मात्र यायची. माझ्या कंडक्टरकाकांचंही तेच होतं. शिवी येते म्हणून लबोर्न्य सोंग करतो, असं ब्रोकांनी मानलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा डोळ्यांना दिसली.

आता आपल्या व्यवसायाचं दुःखही बोलते, कारण ते याच गोष्टीशी जोडलेलं आहे. मी जिथे बरीच वर्षं काम केलं, त्या रुग्णालयात वाचोपचाराला एक शांत खोली मिळावी म्हणून आम्ही अर्जावर अर्ज केले. मिळाला तो ओपीडीच्या बोळातला प्लायवूडचा आडोसा. पलीकडे स्ट्रेचर खडखडत असताना शब्द हरवलेल्या माणसाने एकेक शब्द शोधायचा! त्याच रुग्णालयाने कर्मचाऱ्यांसाठी प्रेरक वक्ता बोलावला, तेव्हा मोठं सभागृह होतं, हार होते, आणि पडद्यावर तेच नव्वद टक्के होते. डिस्चार्ज कार्डावर शेवटच्या ओळीत 'स्पीच थेरपी' लिहायचं आणि रुग्ण आमच्याकडे सहा महिन्यांनी यायचा, हे तर नेहमीचंच. सुधारणेचा सर्वांत वेगवान काळ तोवर निघून गेलेला असतो.

मेंदूतली झोपलेली शक्ती जागवण्याच्या याच भुलीतून मध्यंतरी गावोगावी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे क्लास निघाले. मुलांचे डोळे बांधून त्यांच्याकडून पुस्तक वाचून घ्यायचे. नाकाजवळच्या फटीतून मुलं बघतात, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वारंवार उघड केलं. मिडब्रेन जागा नसेल तर मूल शुद्धीवरच राहणार नाही, तो 'चालू' काय करणार? मला चीड येते ती यापुढच्या गोष्टीची. तीन-तीन वर्षांची न बोलणारी मुलं आईबापांनी आधी अशा ठिकाणी नेली आणि मग आमच्याकडे आणली. त्यांतल्या काहींना ऐकूच येत नव्हतं. मूल बोलत नसेल तर सर्वांत आधी कान तपासायचे. वाचा फुटण्याची ती वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

रुग्ण सुधारत नाहीत असं मी म्हणत नाही. सुधारतात, आणि काही तर अनेक वर्षांनंतरही सुधारतात. इजेच्या शेजारचे भाग, कधी उजव्या बाजूचे भाग, स्वतःचं काम सांभाळून भाषेचं काम उचलतात. रिकामे बसलेले होते म्हणून नव्हे, तर रोजच्या सरावाने त्यांच्यातली जोडणी बदलते म्हणून. कंडक्टरकाका पुढे "पाणी" म्हणू लागले, आधी सुरात आणि मग साध्या आवाजात. त्याला अनेक महिने लागले. त्यातला प्रत्येक दिवस त्यांच्या कष्टाचा होता.

म्हणून माझं तुम्हाला एकच मागणं आहे. कुणी तुम्हाला नव्वद टक्क्यांचा प्रश्न विचारला तर तो हसण्यावारी नेऊ नका, आणि आशा दाखवायची म्हणून त्याला होही म्हणू नका. खुर्ची ओढून बसा आणि रुग्णाला ऐकू जाईल अशा आवाजात घरच्यांना सांगा, "यांचा उरलेला सगळा मेंदू कामाला लागला आहे. हे आळस करत नाहीत. यांना पाणी द्या."