जीवदया आणि दारचे जनावर



१८३२ साली मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. जैन व हिंदूही सामील झाले. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांनी भुलेश्वरी पांजरपोळची स्थापना केली. २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडण्याची पद्धत ठेवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा-रुग्णालयांची आवारे त्यातून वगळली.

मात्र हौसेने आणलेले पिल्लू मोठे होताच पांजरपोळच्या दाराशी सोडणे ही जीवदया नव्हे, देणे बुडवणे होय. व्यापारी समाजाला हे काय सांगावे! १९६० च्या कायद्याने जनावर उपाशी मरेल असे टाकून देणे गुन्हा ठरवले आहे. पाळीव कुत्र्याला रेबीजची लस नियमाने टोचावी. चावा बसलाच तर जखम १५ मिनिटे साबणाने धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.